लॉन मोअर: गवत कापणारा माणूस शब्दातून कुठे गेला?

शब्दांच्या गोष्टींचा आणखी एक भाग. ज्यांना कानात इअरफोन घालण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहूनही ठेवतोय. बोलल्यासारखाच लिहिलाय, सांभाळून घ्या.

आजचा शब्द मला अकलोलीत सापडला. अकलोली म्हणजे भिवंडी तालुक्यातलं, तानसा नदीकाठचं गाव. वज्रेश्वरीच्या देवीला गेलेली माणसं पुढे गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायला इथे येतात. मीही त्यासाठीच गेलो होतो. पाय लालबुंद झाले, बाहेर आलो, आणि रस्त्याने चालताना एका रिसॉर्टच्या कुंपणापलीकडून घर्रर्र आवाज आला. एक काका मशीन ढकलत हिरवळ कापत होते. मी आपला कुंपणाला टेकून उभा.

"काका, या मशीनला काय म्हणता तुम्ही?"

"मशीनच म्हणतो. साहेब लोक मोअर म्हणतात."

"आणि कापलेल्या गवताचं काय करता?"

"टाकतो कचऱ्यात. एवढंसं गवत कोण खाणार?" मग मशीन बंद करून घाम पुसत म्हणाले, "आमच्या लहानपणी कापलेलं गवत टाकलं असतं ना, तर आजीने घरात घेतलं नसतं."

हे वाक्य डोक्यात घेऊन मी घरी आलो आणि 'लॉन मोअर' हा शब्द उघडून बसलो. आणि मंडळी, काकांच्या आजीचं म्हणणं त्या इंग्रजी शब्दाच्या पोटातच निघालं.

शब्दाचे तीन तुकडे आहेत: लॉन, मो, आणि शेवटचा 'अर'. मधल्यापासून सुरुवात करू.

'मो' म्हणजे गवत कापणं. हे क्रियापद इंग्रजीत हजार वर्षांहून जुनं आहे. जुन्या इंग्रजीत ते 'मावान' असं होतं. जर्मन भाषेत त्याचा भाऊ आजही 'मेहेन' म्हणून नांदतोय. पण तेव्हा गवत कापायचं ते हिरवळ छान दिसावी म्हणून कापत नसत. थंडीत तिकडे महिनोन्‌महिने जमिनीवर चारा नसतो. उन्हाळ्यात गवत कापायचं, वाळवायचं, गंजी रचायची, आणि हिवाळाभर गाईगुरं, घोडे त्यावर जगवायचे. गवत कमी पडलं तर जनावर मारावं किंवा विकावं लागायचं. म्हणजे 'मो' करणं हा जगण्या-मरण्याचा मामला होता.

या क्रियापदाच्या घरातले दोन शब्द तुम्हाला माहीत आहेत. एक 'मेडो'. गाण्यांत, कवितांत येतो तो, फुलाफुलांचा मेडो. त्याचा मूळ अर्थ आहे कापणीचं रान, जिथलं गवत कापून वाळवायचं ती जमीन.

दुसरा शब्द तर तुम्ही बातम्यांत सारखा ऐकता: 'आफ्टरमाथ'. पूर आला, मग त्याचा आफ्टरमाथ. युद्ध झालं, त्याचा आफ्टरमाथ. यातल्या 'माथ'चा आपल्या माथ्याशी काही संबंध नाही आणि गणिताशी तर नाहीच नाही. 'माथ' म्हणजे 'मो' करणं, कापणी. आफ्टरमाथ म्हणजे पहिली कापणी झाल्यावर त्याच रानात परत उगवणारं गवत, दुसरं पीक. सोळाव्या शतकात शेतकऱ्याच्या तोंडी हा साधा शब्द होता. पुढच्या शतकात तो 'नंतरचे परिणाम' या अर्थाने वापरला जाऊ लागला, आणि आता त्यात फक्त वाईट परिणामच उरलेत. मुळात मात्र ती चांगली बातमी होती. कापलं, तरी पुन्हा उगवलं!

आता शेवटचा तुकडा, 'अर'. टीचर, सिंगर, ड्रायव्हर यातला. करणारा माणूस. म्हणजे 'मोअर' हा शब्द कित्येक शतकं माणसाचा होता. हातात लांब दांड्याचा, वाकड्या पात्याचा 'साइद' घेऊन उभ्याने गवत कापणारा गडी. (आपल्याकडे विळा घेऊन बसून कापतात, तिकडे उभ्याने. आपली कंबर आणि त्यांची पाठ, दुखणं दोघांनाही चुकलं नाही.) सतराव्या शतकातल्या अँड्र्यू मार्व्हेल या इंग्रज कवीने 'मोअर'च्या तोंडी कविताच लिहिल्यात. आजचा एखादा विद्यार्थी ते शीर्षक वाचून मशीन डोळ्यासमोर आणेल. पण तो मोअर हाडामांसाचा आहे, प्रेमात पडलेला आहे, आणि एका कवितेत तर माणसांनी सजवलेल्या बागांवर तो चक्क चिडलेला आहे.

मग माणसाचं मशीन कसं झालं? इंग्रजीत 'अर' हा प्रत्यय करणाऱ्यालाही चालतो आणि हत्यारालाही चालतो. 'कम्प्युटर' हीसुद्धा आधी आकडेमोड करणारी माणसं होती, नोकरी होती ती. मशीन आलं, त्याने काम घेतलं आणि कामाबरोबर नावही घेतलं. मोअरचं तेच झालं.

इथे क्षणभर आपल्या बाजूला येऊ, कारण संस्कृतने हा घोटाळा बराचसा टाळलाय. 'लू' म्हणजे कापणं. कापणारा माणूस तो 'लावक', आणि ज्याने कापायचं ते हत्यार 'लवित्र'. पाणिनीने 'इत्र' या प्रत्ययाचं एक सूत्रच दिलंय. खणायचं ते खनित्र, कापायचं ते लवित्र, होडी वल्हवायची ते अरित्र. आणि त्याच सूत्रातून 'चर' म्हणजे चालणं, वागणं यापासून 'चरित्र' येतं. म्हणजे थोर पुरुषांचं चरित्र आणि विळा हे व्याकरणाच्या एकाच साच्यातून निघालेत! परीक्षेत कोणी विचारणार नाही, पण लक्षात ठेवा.

संस्कृतात विळ्याला दुसरा शब्द आहे 'दात्र'. हिंदीतली 'दरांती' त्याच घरातली. हा शब्द भारी आहे, कारण 'निरुक्त' लिहिणाऱ्या यास्काने दोन हजार वर्षांहून आधी बोलीभाषांतला फरक समजावताना हेच उदाहरण घेतलंय. तो सांगतो की कापण्याचं क्रियापद पूर्वेकडचे लोक वापरतात, आणि त्याच धातूपासून झालेलं हत्याराचं नाव, दात्र, उत्तरेकडच्यांच्या तोंडी आहे. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात ना, त्याचा हा फार जुना दाखला. आणि दाखला कशाचा? गवत-धान्य कापायच्या हत्याराचा. पंडितालाही माहीत होतं की हा शब्द प्रत्येक घरात असतोच.

बरं, परत इंग्लंडला. पहिला तुकडा राहिलाय, 'लॉन'.

जुन्या फ्रेंचमध्ये 'लांद' म्हणजे झाडीतली मोकळी जागा, माळ. त्याचं मूळ केल्टिक भाषांत आहे, आणि 'लँड' हा शब्द त्याचा नातेवाईक. इंग्रजीत तो आधी 'लाँड' झाला, मग शेवटचा 'ड' गळून 'लॉन'. अर्थ तेव्हाही रानातला उघडा माळ, जिथे हरणं चरतात. अठराव्या शतकात मोठ्या जमीनदारांनी हवेलीसमोर असा माळ मुद्दाम राखायला सुरुवात केली, आणि लॉन म्हणजे कापून सारखी ठेवलेली हिरवळ असा अर्थ बसला. त्यात एक श्रीमंती मिरवणं होतं. माझ्याकडे एवढी जमीन आहे की मी तिच्यात काहीही पिकवत नाही! मेंढ्या सोडून किंवा साइदवाले गडी लावून ती राखायची. गडी पहाटे यायचे, कारण दवाने ओलं गवत पात्याखाली चांगलं कापलं जातं. मालक उठायच्या आत काम संपलेलं.

लॉन नावाचं कापडही असतं, हे भिवंडीच्या मंडळींना सांगायला नको. उन्हाळ्यात घालतात ते पातळ, तलम कापड. तो शब्द बहुधा उत्तर फ्रान्समधल्या लाँ या गावाच्या नावावरून आलाय. दोन लॉन, दोन वेगळ्या वाटांनी आलेले. पण मंडळी, गोष्ट आता वळण घेते ती नेमकी कापडाकडेच.

इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशर परगण्यात स्ट्राउड नावाचं गाव आहे. लोकरीच्या कापडासाठी प्रसिद्ध. लोकरीचं कापड विणून झालं की त्यावरचे तंतू काट्याने उभे करतात आणि मग वरून सारखे कापतात, तेव्हा त्याला मऊ, तुळतुळीत अंग येतं. हे कापणारे कारागीर मोठ्या जड कात्र्या वापरायचे. त्यांना 'क्रॉपर' म्हणत. हो, तुम्ही फोनवर फोटो 'क्रॉप' करता तोच शब्द. 'क्रॉप' म्हणजे मुळात रोपाचा शेंडा. त्यावरून पीक, त्यावरून शेंडा छाटणं, त्यावरून कापडाचे तंतू छाटणं, आणि आता बाजूला उभा राहिलेला मित्र फोटोतून छाटणं.

क्रॉपर हे कापडधंद्यातले चांगला पगार मिळवणारे, मान असलेले कारागीर. मग कात्र्या चालवणारी यंत्रं आली आणि त्यांच्या पोटावर पाय आला. १८१२ च्या सुमाराला यॉर्कशरमध्ये जे कारागीर रात्री गिरण्यांत घुसून यंत्रं फोडत होते, ज्यांना इतिहासात 'लडाइट' म्हणतात, त्यांच्यात हे क्रॉपर पुढे होते. सरकारने यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा ठेवली. जानेवारी १८१३ मध्ये यॉर्क शहरात १७ जणांना फासावर चढवलं. आज कोणी नवीन ॲप वापरायला तयार नसला की आपण त्याला हसत 'लडाइट' म्हणतो. ते हसण्यावारी नेण्यासारखे लोक नव्हते.

यंत्रं थांबली नाहीतच. १८१५ मध्ये स्ट्राउडजवळच्याच जॉन लुईस यांनी फिरत्या पात्यांच्या यंत्राचं पेटंट घेतलं. एक दंडगोल, त्यावर मळसूत्रासारखी वळत गेलेली पाती. तो गरगर फिरतो आणि खालून सरकणाऱ्या कापडाचे तंतू एकसारखे कापत जातो.

त्याच भागात एडविन बडिंग नावाचा एक हुशार मेकॅनिक गिरण्यांची यंत्रं दुरुस्त करायचा. त्याच्या डोक्यात आलं की हे कापडावर चालतं, तर गवतावर का नाही? हिरवळ म्हणजे तरी काय, जमिनीवर अंथरलेलं कापडच. १८३० मध्ये त्याने जॉन फेराबी या कारखानदाराबरोबर तसं यंत्र बनवून पेटंट घेतलं. साधारण १९ इंच रुंद, लोखंडी, मागून ढकलायचं.

आणि आता शब्दाची गंमत. त्या पेटंटच्या नावात 'मोअर' हा शब्दच नाही! तिथे शब्द आहेत क्रॉपिंग आणि शिअरिंग. दोन्ही कापड गिरणीतले. बडिंगच्या मनात गवत कापणारा गडी नव्हता, कापडाचं यंत्र होतं. लोकांनी मात्र ते काम करताना पाहिलं आणि ते ज्याचं काम करत होतं, त्याचं नाव त्याला दिलं. लॉनवरचा मोअर. लॉन मोअर.

लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयाने हे यंत्र सुरुवातीलाच घेतलं. तिथल्या माळ्याने कौतुकाने सांगितलं की हे एकटं सहा ते आठ माणसांचं काम करतं. कौतुकच ते. पण त्या सहा-आठ माणसांना ते कसं ऐकू आलं असेल? पेटंटमध्ये तर असंही सुचवलंय की जमीनदार साहेबांना हे यंत्र स्वतः चालवायला मजा येईल आणि व्यायामही होईल. गड्याची पहाटेची मजुरी ती साहेबाचा संध्याकाळचा व्यायाम झाली.

पुढे यंत्रं मोठी झाली, ओढायला घोडे आले. हिरवळीवर टाप उमटू नये म्हणून घोड्यांना चामड्याचे बूट घालत. १८४२ मध्ये स्कॉटलंडच्या अलेक्झांडर शँक्स यांनी तट्टूने ओढायचा मोअर काढला. इंग्रजीत पायी जाण्याला 'शँक्सचं तट्टू' म्हणतात, जसं आपण 'अकरा नंबरची गाडी' म्हणतो. बरेच लोक छातीठोकपणे सांगतात की तो वाक्प्रचार या मोअरवरून आला. तो फॉरवर्ड आला तर पुढे ढकलू नका! वाक्प्रचार अठराव्या शतकातला आहे, यंत्राच्या आधीचा. 'शँक' म्हणजे पायाची नळी, एवढंच.

आपल्याकडे हिरवळ राखायची ही हौस गोऱ्या साहेबाबरोबर आली. जिमखाने, बंगले, क्लब. कापायला माळी आणि विळा, मोठ्या मैदानांवर बैल जुंपलेला मोअर. दिल्लीच्या मोठ्या बागांत तो बैल अगदी अलीकडेपर्यंत लोकांनी पाहिलाय.

पण त्याच काळात अकलोलीच्या आजूबाजूला गवत म्हणजे काय होतं?

जुन्या ठाणे जिल्ह्यात भाताच्या खाचराला जोडून 'वरकस' जमीन असायची. माळाची, उताराची, हलकी जमीन. तिच्यातलं गवत-पाला शेतकऱ्याला दोन कामांना लागायचं. एक, जनावरांची वैरण. दोन, राब. पावसाआधी पेरणीच्या तुकड्यावर गवत, पाला, फांद्या, शेण पसरून जाळायचं आणि त्या राखेत भाताची रोपं करायची. म्हणजे गवत नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. आणि उरलेलं गवत विकायला. ठाणे जिल्ह्यातून मुंबईला भात, लाकूड, मीठ जायचं तसंच गवतही जायचं. कारण मुंबई जनावरांवर चालत होती. १८७४ मध्ये तिथे ट्राम सुरू झाली ती घोड्यांची. विजेची ट्राम आली १९०७ मध्ये. बग्ग्यांचे घोडे, गाड्यांचे बैल, तबेल्यातल्या म्हशी वेगळ्याच. त्या काळात गवत हे मुंबईचं पेट्रोल होतं म्हणा ना. पावसाळा संपला की या माळांवर विळे चालायचे, भारे बांधले जायचे.

त्या दिवसांच्या खुणा भाषेत राहिल्यात. चर्नी रोड स्टेशनचं नाव 'चरणे'वरून आलं, तिथे गुरं चरायची, असं एक प्रचलित मत आहे. दुसरं मत ते नाव ठाण्याच्या चेंदणीशी जोडतं. पेशवाईत सरकारी घोड्यांसाठी कुरणं राखून ठेवत. आता घोडे गेले, पण 'चराऊ कुरण' वर्तमानपत्रात रोज भेटतं, फक्त चरणारे बदलले.

आणि लॉन? हा शब्द मराठीत येऊन भलताच झालाय. लग्नाच्या पत्रिकेवर 'अमुक लॉन्स, तमुक रोड' असतं ना? मराठीत आज लॉन्स म्हणजे लग्नाचं उघडं कार्यालय. तिथे गवत असेलच असं नाही. हिरवी मॅटही चालते. ज्या तालुक्यात वरकसाचं गवत कापलं जायचं, तिथे आता महामार्गालगत गोदामं आहेत, आत गल्लोगल्ली यंत्रमाग आहेत, आणि मध्ये मध्ये लॉन्स आहेत. लोकरीच्या कापडावरून सुटलेलं ते फिरतं पातं दोनशे वर्षांनी कापडाच्याच तालुक्यात गवतावर चालतंय, हे बडिंगला कळलं असतं तर त्याला नवल वाटलं असतं.

मी हे सगळं जुने दिवस छान होते म्हणून सांगत नाहीये. भारा डोक्यावर घेऊन कोसभर चालणाऱ्या बाईला विचारा, किती छान होते ते. मशीनने कंबर वाचवली हे खरंच आहे, आणि काकांनाही मशीन आवडतं, मी विचारलं. पण 'मो' या शब्दात दोन गोष्टी होत्या, कापणं आणि त्यातून कोणाचं तरी पोट भरणं. आपण पहिली ठेवली आणि दुसरी कचऱ्यात टाकली. शब्दात एक माणूसही होता, त्याच्या जागी मशीन आलं. गमतीचा भाग असा की मशीन अजून माणूसच ढकलतोय. फक्त त्याला आता नाव नाही. काकांना मी विचारलं होतं, "मशीनला मोअर म्हणतात, मग तुम्हाला काय म्हणतात?" ते हसले. "मला? अरे ए म्हणतात."

निघताना त्यांना 'आफ्टरमाथ'ची गोष्ट सांगायला हवी होती, पण तेव्हा मलाच माहीत नव्हती. पुढच्या खेपेला सांगीन. आणि कापलेलं गवत जवळच्या एखाद्या गोठ्यात जाऊ शकतं का, तेही विचारीन. फवारा मारलेलं नसेल आणि ताजं असेल तर गाय काही लॉनचं गवत म्हणून नाक मुरडणार नाही.

तुमच्यासाठी आजचं काम सोपं आहे. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा: तुमच्या गावात गवत कापणाऱ्याला काय म्हणायचे, हत्याराला काय म्हणायचे, आणि भारा बांधायच्या दोरीला काय म्हणायचे? तीन शब्द. व्हॉइस नोट करून पाठवा, आजीच्याच आवाजात असेल तर सोन्याहून पिवळं. पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत, भेटत राहू!